डमी दाखवायची कोणाला? दळणवळण मंत्र्यांना एका छापखानेवाल्याचं खुलं पत्र

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

कणकवलीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, देवळाच्या जीर्णोद्धाराची आमंत्रणं, आणि आंबा सुरू होण्याआधी बागायतदारांची बुकिंगची कार्डं. व्हॉट्सॲपच्या काळात कार्ड कोण पाठवतं, असं आपल्याला वाटेल. बागायतदार पाठवतात. मुंबई-पुण्याचं जुनं गिऱ्हाईक कार्ड फ्रिजवर लावून ठेवतं आणि पाडवा झाला की त्यावरचा नंबर फिरवतं. मेसेज तोवर शंभर 'शुभ सकाळ'खाली गाडला गेलेला असतो.

टपाल पोचत नाही अशी माझी तक्रार नाही. आमचे पोस्टमन 'मु. पो. अमुक, देऊळवाडी, शाळेच्या मागे' एवढ्यावर घर शोधतात. माझं दुखणं त्याच्या बरंच आधीचं आहे, छपाईची प्लेट लागण्याआधीचं: कार्ड टपालात चालेल का हे विचारायला त्याची डमी, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, दाखवायची कोणाला?

देवगडच्या एका बागायतदाराला चौरस कार्ड हवं होतं. १५ बाय १५ सेंटिमीटर, मधे घडी, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आर्ट पेपर, वर लॅमिनेशन, आणि गडद किरमिजी पाकीट. दिसायला देखणं झालं. १२०० पाकिटं घेऊन काउंटरवर गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, कारण तिथल्या बाईंची काहीच चूक नव्हती. त्यांनी एक पाकीट काट्यावर ठेवलं: २२ ग्रॅम. पत्राला तेव्हा २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, त्यापुढच्या २० ग्रॅमला आणखी ५. म्हणजे दोन ग्रॅमांपायी ६००० रुपये. कागद २५० जीएसएमचा घेतला असता तर वजन २० च्या आत बसलं असतं आणि हातात घेणाऱ्याला फरक कळलाही नसता. बरं, बुक पोस्टाने, म्हणजे उघड्या पाकिटातल्या छापील मजकुराच्या स्वस्त दराने, टाकू म्हटलं, तर पाकिटं गोंदाने बंद. लग्नपत्रिकेचं पाकीट चिकटवायचं नाही, फडी नुसती आत खोचायची आणि कोपऱ्यात 'बुक पोस्ट' लिहायचं, हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. मी देखणेपणाच्या नादात विसरलो. किरमिजी रंगावर शिक्का दिसेना ते वेगळंच. बागायतदाराने पैसे भरले, पण पुढे वर्षभर भेटला की "दोन ग्रॅम काय म्हणतात?" असं विचारायचा.

पुढच्या खेपेला पाकीटच नको म्हणून साधं एकेरी कार्ड केलं आणि पत्त्याची बाजूही चकचकीत ठेवली. त्यावर शाई वाळत नाही. बोट लागलं की पसरते, आणि 'घर बंद' असा शेरा मारायला पोस्टमनचं पेन उठत नाही. आता पत्त्याच्या बाजूला लॅमिनेशन करायचंच नाही, हे मी शिकलोय. पण शिकलो ते गिऱ्हाइकाच्या पैशाने.

चौरस आकाराचा घोळ तर मला कितीतरी नंतर उमगला. पत्रं लांब बाजूवर लावून त्यांची वर्गवारी करतात. चौरस पाकिटाला लांब बाजूच नाही. जागतिक टपाल संघाच्या मापात लहानात लहान पत्र ९ बाय १४ सेंटिमीटरचं, आणि लांबी रुंदीच्या निदान १.४ पट असावी असा संकेत आहे. अमेरिकेत चौरस पाकिटाला जादा पैसे पडतात. मात्र तिथल्या टपाल खात्यात 'मेलपीस डिझाइन ॲनालिस्ट' नावाची माणसंही असतात. छापण्याआधी नमुना पाठवला की ती तपासून सांगतात, हे चालेल, हे अडेल. त्याचे पैसे घेत नाहीत.

आणखी एक गंमत सांगतो. जीर्णोद्धाराची आमंत्रणं टाकताना मंडळाने गठ्ठे जिल्हावार बांधले, रत्नागिरी वेगळी, सिंधुदुर्ग वेगळा. पण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ चा आणि आमचा जिल्हा १९८१ चा. रत्नागिरी शहराचा पिन ४१५ ने सुरू होतो, साताऱ्यासारखा. लांजा आणि राजापूर रत्नागिरी जिल्ह्यातच, पण त्यांचा ४१६ ने, कोल्हापूरसारखा आणि आमच्या कणकवलीसारखा. पिनकोड ज्यांनी दिला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे आमच्या कोकणातलेच! टपालाची वाट जिल्ह्याची हद्द बघत नाही, हे त्यांना आमच्या मंडळापेक्षा चांगलं कळत होतं. सगळे गठ्ठे सोडून पिनकोडप्रमाणे पुन्हा बांधले, रात्री अकरापर्यंत.

यातलं काहीच गुपित नाही, सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं आहे. पण १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा आला, रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, आणि आता कालचं काय चालतं हे काउंटरवरच्या माणसालाही फोन करून विचारावं लागतं. म्हणून मागणं थोडकं आहे. मापं, वजनाचे टप्पे, पत्त्याची नि शिक्क्याची मोकळी जागा दाखवणारा खऱ्या मापाचा एक खाका मराठीत छापून प्रत्येक मुख्य टपाल कार्यालयात लावावा. छापायला मी तयार आहे, कागदाचे तेवढे द्या. आणि प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस असा नेमावा की ज्याने डमी हातात घ्यावी, काट्यावर ठेवावी आणि मागे सही-शिक्का करून द्यावी. त्या सहीनंतर दुसऱ्या काउंटरने हरकत काढू नये. नवी भरती नको, आहे त्यातल्याच कोणाला आठवड्यातून एक दुपार द्या.

फेब्रुवारीत पुन्हा हापूसच्या कार्डांची प्लेट लागेल. डमी जानेवारीतच तयार होते. ती कोणाकडे घेऊन जाऊ, तेवढं कळवावं.

आपला,
कणकवलीचा एक छापखानेवाला