येतानाचे दोन तास

पेडणे,
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय विन्या,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घाल, पण आधी पुरतं वाच. माझी साखर आटोक्यात, सुमनची कंबर तशीच.

मंगळवारी आई न्हाणीत पडली. डोक्याला चार टाके. तोंडात एकच नाव, मनू. रात्री दहाला मी तोक्योला फोन लावला. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथे दीड. पोर तशीच उठली. सकाळी अकराचं विमान धरून आपल्या संध्याकाळी पाचला दिल्लीत. घड्याळात सहाच तास दिसतात, पण आत साडेनऊ तास बसावं लागतं. जाताना मात्र पावणेआठ! अंतर तेच, साधारण ५,८५० किलोमीटर. मनू म्हणते, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, या थंडीच्या दिवसांत जपानवर तर फारच. ओइशी नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच फुगे सोडून तो मोजला होता. जाणाऱ्याला पाठीवर घेतो, येणाऱ्याच्या छातीवर येतो.

हे ऐकल्यापासून मला झोप नाही रे. घर सोडणाऱ्याला मदत आणि परतणाऱ्याला अडवणूक!

१९८९ ची आपली एसटी आठवते ना? मुंबई ते पेडणे जेमतेम साडेपाचशे किलोमीटर, तरी अठरा तास. कशेडी घाटात गाडी बंद पडली, मी ट्रकला हात करत होतो आणि तू ‘होईल सुरू’ म्हणत बसून राहिलास. वर्षभर बोललो नव्हतो तुझ्याशी. ट्रक धरला असता तर अडीच तास वाचले असते, हे मी अजून म्हणतो. त्यात बकऱ्या होत्या, हे तू अजून म्हणतोस.

मनूने रात्र दिल्लीच्या विमानतळावर काढली, गुरुवारी सकाळी मोपाला उतरली. २०२३ ला तो विमानतळ सुरू झाला तेव्हा मी पेढे वाटले होते, आता पोर हाकेच्या अंतरावर म्हणून. माझ्या फोनपासून दारापर्यंत पस्तीस तास लागले, विन्या.

आजी इस्पितळातून घरी आली, बरी आहे, असं तिला फोनवर चारदा सांगितलं होतं. तरी उंबऱ्यात उभी राहिली, बॅग खांद्यावरच, पट्टा मुठीत आवळलेला, आणि म्हणाली, “आजी आहे ना?”

आपल्या तारेतही ‘प्रकृती गंभीर’ एवढंच होतं. त्याच उंबऱ्यात मी तेच विचारलं होतं, आणि तू माझा दंड धरला होतास. बाबांना नेऊन तेव्हा चार तास झाले होते. सुमनला हे किती सांगू? ती तेव्हा या घरात नव्हती.

आई आत पेज पीत होती. मनू तिच्या पायाशी बसली ती उठेचना.

नातवाचं बारसं झालं म्हणे, नाव कळव. वहिनींचा गुडघा कसा आहे? चतुर्थीला या, दोघंही.

आज मनू परत निघाली. दिल्लीचं विमान सुटून तास झाला. आई जागीच आहे, दर पाच मिनिटांनी विचारते, “पावली रे?” मी सांगतो, अजून पावणेसात तास, वारा पाठीशी आहे.

तुझा,
दत्ता