माळकरी पणजीची खानावळ

मँचेस्टर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. पणजीच्या वर्षश्राद्धाला तुझे बाबा चार शब्द बोलणार आणि ते लिहून द्यायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. "मला फक्त खाटेवर बसून जप करणारी पणजी आठवते," असं तू लिहिलंस. बरोबरच आहे, तू कळती झालीस तोवर तिचे गुडघे गेले होते. पण तिला नुसती जप करणारी म्हातारी म्हणून उभी केलीस, तर लालबागमधली जुनी माणसं हसतील गं.

तिची खानावळ होती. पाटी नाही, टेबलं नाहीत. आज तुमचा टॉवर आहे तिथल्याच चाळीत दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा. गावी बायकापोरं ठेवून गिरणीत आलेली माणसं एकेका गाळ्यात वीस-वीस राहायची, पाळीपाळीने झोपायची. त्यांना जेवू कोण घालणार? पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून हिचा स्टो पहाटे साडेतीनला पेटायचा. "पंढरपुरात देवाला उठवायला बडवे आहेत, इथं यांना उठवायला मी आहे," असं ती म्हणायची. भाकऱ्या थापता थापता हरिपाठ चालायचा. देवापुढे बसून म्हणायला तिला वेळ कुठला!

आता खरी गंमत. ती माळकरी, कांद्या-लसणाचंही एकादशीला नाव नाही. आणि जेवायला येणारे निम्मे कोकणातले, बुधवार-रविवार मासळीशिवाय घास न उतरणारे. तर ती बांगड्याचं कालवण करायची! त्याची भांडी वेगळी, शेगडी वेगळी. मीठ चाखायला शेजारच्या काकूंना हाक. नंतर न्हाऊन मग देवाला फूल. गावाकडच्या एका बुवांनी यावरून तिला चारचौघांत बोल लावला, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, "माळ माझ्या गळ्यात आहे, त्यांच्या नाही." हे वाक्य तुझ्या आजोबांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. हे नक्की लिही.

पैशाचंही लिही, कारण भक्तीच्या गोष्टीत लोक ते गाळतात. महिनाभर उधारीवर जेवण, पगाराला हिशेब. मधल्या काळात रेशन, रॉकेल आणायचं कुठून? सावकाराकडून. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि तिच्यासारख्या खानावळवाल्या बायांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. पणजी अंगठा लावायची. मंडळात जाऊन ती सही शिकली, आणि मग दिसेल त्या कागदावर सही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पगार नाही तर खानावळीचे पैसे कुठले? बरेच जण गावी परतले. जे राहिले त्यांना तिने वहीत मांडून जेवू घातलं. बांगडा गेला, सुकट आली, मग सुकटही गेली, पिठलं-भाकरी राहिली. काहींनी वर्षांनी येऊन पैसे चुकते केले, काही फिरकलेच नाहीत. तिने उदार मनाने सोडून दिलं असं मात्र लिहू नकोस. "रामकृष्णहरी" म्हणता म्हणता मध्येच एखाद्याचं नाव घेऊन "मेल्याने मुलीचं लग्न केलं थाटात, माझे पैसे नाही दिले" असं ती पुटपुटायची आणि पुन्हा माळ पुढे.

वारीला पायी ती कधीच गेली नाही. खानावळ कुणावर टाकणार? आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात रांगेत उभी राहायची. मुंबईकरांचं प्रतिपंढरपूर ते, तिला तेवढं पुरलं.

माझ्या लहानपणी गिरण्या संपल्या होत्या, पण तिची चूल काही विझली नाही. गावाकडून कुणी ना कुणी टाटाला किंवा केईएमला आलेलं असायचं आणि आमच्या पोटमाळ्यावर उतरायचं. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, जिरं-तूप. तिखट नाही, कारण केमोने तोंड आलेलं असतं. शाळा सुटल्यावर डबा घेऊन परळला जायचं काम माझं. सुट्टीत तीही यायची. टाटाच्या बाहेर फूटपाथवर बिहार-बंगालची माणसं पथारी टाकून असत, त्यांच्याशीही ती बोलायची. हिंदी काय वर्णावी: "भात थंडा होता है, पटकन गिळो!" तेही हसून गिळायचे.

इथे अँकोट्समध्ये जुन्या कापड गिरण्यांचे महागडे फ्लॅट झालेत. आपल्याकडेही तेच झालं. ते बघून मला वाईट वगैरे वाटत नाही, फक्त यांच्या कामगारांना कोण जेवू घालायचं, हा प्रश्न मनात येतो.

आता कामाचं. तुझे बाबा गावच्या देवळाला तिच्या नावाची संगमरवरी पायरी बसवायची म्हणतात. मला पटत नाही. तिने पायरीवर पाय ठेवणाऱ्यांपेक्षा भुकेल्यांचा विचार जास्त केला. माझा वाटा मी पाठवला आहे, तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत द्या. टाटाचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. आधी जाऊन विचारा, धान्य हवंय की पैसे. बाबा चिडले तर माझं नाव सांग, लांब आहे मी.

आणि संपाच्या वेळची ती वही आजोबांच्या ट्रंकेत तळाशी असेल. पानांचे फोटो काढून मला पाठव. भाषणात मात्र नावं वाचू देऊ नकोस. त्यांतल्या दोघांची नातवंडं तुमच्याच मजल्यावर राहतात.

तुझी,
आत्या