बगीच्यासमोरच्या रस्त्याचं काहीतरी करा

संपादक साहेब, नमस्कार.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. माझं किराणा दुकान गावच्या बगीच्याच्या अगदी समोर आहे, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मी तिथंच बसून असतो, म्हणून जे लिहून राहिलो ते डोळ्यानं पाहिलेलं लिहून राहिलो. पहिले या रस्त्यावर गड्डेच गड्डे होते, गाडी आपोआपच हळू यायची. मग सिमेंटचा रस्ता झाला, चांगलंच झालं, पण बगीच्याचं गेट सरळ रस्त्यावर उघडते अन् गेटसमोर ना ब्रेकर, ना पांढरे पट्टे, ना पायी चालायला जागा. मोटरसायकलवाले पोट्टे, रेतीचे टिप्पर, काळीपिवळी, सगळे सुसाट.

यंदा तान्ह्या पोळ्याला बगीच्यात लेकरांची गर्दी होती. शेजारची सहा वर्षांची पोरगी लाकडी नंदी ओढत घरी निघाली अन् रस्त्याच्या मधोमध नंदीचं चाक निखळलं, ते घरंगळत पानठेल्याकडे गेलं, पोरगी दोरी हातात धरून तिथंच उभी, अन् इकडून टिप्पर. मी काउंटरवरूनच ओरडलो. पानठेल्यावरच्या एका माणसानं धावत जाऊन तिला दंडाला धरून ओढलं म्हणून वाचली. टिप्पर थांबला, पण नंदीच्या अंगावरून चाक गेल्यावर. नंदीची शिंगं दोन दिवस रस्त्याच्या कडेला पडून होती, कोणाच्यानं उचलवली नाही.

त्याच रात्री गावातल्या पोरांनी मुरूम अन् सिमेंट टाकून स्वतःच ब्रेकर बांधला, चांगला फूटभर उंच. राग मला समजते, पण अंधारात तो दिसतच नव्हता, तिसऱ्या दिवशी बाहेरगावचं एक जोडपं गाडीवरून पडलं, बाईचा हात मोडला. मग तो तोडला. तेव्हापासून गावात दोन गट पडले. ऑटोवाले म्हणतात ब्रेकर नकोच, बाळंतपणाची बाई घेऊन जातो तर तिला हादरे बसतात, अन् ट्रॉलीत कापूस भरून आणणारे म्हणतात ट्रॉली उलटली तर भरपाई कोण देईल? दुसरीकडे बगीच्यात संध्याकाळी बसणारे म्हातारे म्हणतात, ब्रेकर नाही तर आम्ही रस्त्यावरच ठिय्या देतो. मी दोघांचंही ऐकतो अन् मला वाटते दोघंही खरंच बोलतात. भांडण ब्रेकर हवा का नको याचं नाहीच, तो कसा हवा याचं आहे.

रस्त्यांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, तिनं ब्रेकरचं माप ठरवून दिलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, म्हणजे जवळपास बारा फूट, अन् उंची फक्त १० सेंटिमीटर, वरून गोलाईदार. २५ च्या स्पीडनं गेलं तर त्यावरून गाडी आरामात जाते, ६० नं आलेल्यालाच दणका बसते. त्यावर काळे-पांढरे पट्टे अन् अलीकडे बोर्ड पाहिजे. असा ब्रेकर बांधला तर ऑटोतल्या बाईलाही त्रास नाही अन् लेकरंही सुखरूप. हा काही नॅशनल हायवे नाही की ब्रेकरला मनाई असावी.

अन् स्पीडचा साधा हिशोब पहा. ६० च्या स्पीडची गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर येते. आमच्या आबाजींच्या वयाच्या माणसाला हा रस्ता पार करायला सहा सेकंद सहज लागतात, तेवढ्यात गाडी शंभर मीटर आलेली असते. मारुतीच्या पाराजवळचं वळण गेटपासून तेवढंही दूर नाही. म्हणजे म्हाताऱ्यानं दोन्हीकडं पाहून, रस्ता मोकळा समजून पाय टाकला तरी पलीकडे पोहोचायच्या आत गाडी अंगावर. मग लोकं म्हणतात, पाहून काहून नाही चालत? तो पाहूनच चालला होता.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात ३२,८२५ पायी चालणारे रस्त्यावर मेले, सरकारचाच आकडा आहे. सुप्रीम कोर्टानंही २०२५ मध्ये सांगितलं की पायी चालणाऱ्यांना नीट फुटपाथ मिळणं हा त्यांचा हक्क आहे. आमच्याकडं गेटपासून वस्तीपर्यंत नालीवर फरशा टाकल्या तरी लेकरांना रस्त्यावर उतरावं लागणार नाही, अन् गेट बाजूच्या गल्लीत घेतलं तर निम्मा प्रश्न तिथंच मिटते.

गावातल्या बापांनाही सांगतो, नववी-दहावीतल्या पोराच्या हाती गाडी देऊ नका. २०१९ पासून कायद्यात अशा पालकाला २५ हजार दंड अन् ३ वर्षांपर्यंत कैद आहे, पण दंडाचं सोडा, माझ्या दुकानासमोरून जाणारी निम्मी सुसाट पोरं आपल्याच गावची आहेत.

दोनदा अर्ज दिला. एका ऑफिसात म्हणाले रस्ता आमच्याकडं नाही, दुसऱ्यात म्हणाले बगीचा आमच्याकडं नाही. रस्ता कोणाकडं आहे एवढं तरी कोणी लिहून द्यावं, आम्ही तिथं जाऊ. दसऱ्यानंतर कापूस निघाला की जिनिंगच्या गाड्या रात्रंदिवस सुरू होतील, त्याच्या आत ब्रेकर व्हावा. तोवर निदान गेटसमोर पांढरे पट्टे मारायची परवानगी द्या, रंगाचा डबा मी माझ्या दुकानातून देतो.

आपला,
बगीच्यासमोरचा एक दुकानदार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ