ताहरच्या मागे

ट्वायझल, न्यूझीलंड
१४ जून

ती. बाबा व आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, "बकऱ्या मारायला गेला होतास?" एवढंच विचारून तू फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. बंदूक मी धरली नाही, माझ्याकडे परवानाच नाही. घरमालकाला ओझं वाहायला माणूस हवा होता, मी हो म्हटलं.

तो प्राणी म्हणजे ताहर. शेळीच्या नात्यातला आणि मूळचा आपल्या हिमालयातला. १९०४ साली आओराकी, म्हणजे माउंट कुकच्या परिसरात शिकारीच्या हौसेपायी सोडला. वटवाघळं वगळली तर या देशात जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नाही. मग ताहरला खाणार कोण? कळप वाढत गेले आणि उंचावरचं टसॉक गवत, माउंट कुक लिली यांचा फडशा पाडू लागले. १९९३ च्या सरकारी आराखड्यात दहा हजारांची मर्यादा ठरली, ती कधीच ओलांडली गेली. आता सरकार हेलिकॉप्टरमधून मारतं आणि शिकारी त्यावरून सरकारशी भांडतात.

आम्ही गॉडली नदीच्या खोऱ्यात गेलो. पाणी हिमनदीचं, दुधी करडं, पाय बधिर करणारं. सह्याद्रीतल्या घसाऱ्याची सवय आहे अशी माझी समजूत होती. इथे दोन पावलं वर टाकावीत तर एक खाली येतं, आणि असं तासन् तास. ऊन चढलं की वारा दरीतून वर वाहतो. खाली थांबलो तर आपला वास थेट कळपाला. शिवाय त्यांची नजर खालच्या बाजूला जास्त. म्हणून अंधारातच त्यांच्या वर जाऊन बसलो. पुढचे तीन तास नुसती दुर्बीण. शिकारीत बंदुकीपेक्षा बूड जास्त झिजतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

मग एक नर कड्याच्या टोकाशी आला. हा त्यांचा माजाचा काळ, त्यामुळे मानेभोवती लांब आयाळ, वाऱ्यावर पिंजारलेली. घरमालकाने नेम धरला आणि बंदूक खाली ठेवली. खाली सरळसोट कडा, पडला असता तर हाती काहीच लागलं नसतं. दुपारी त्याने एक मादी टिपली. मलाही ते बरं वाटलं नाही. पण शिंगांसाठी सगळे नरच टिपत बसतात, आणि माद्या राहिल्या की कळप वाढतोच. माजावरच्या नराचं मटण तसंही उग्र लागतं म्हणे.

तिचा खूर मी हातात घेतला. कड नखासारखी टणक, पण मधला भाग अंगठ्याने दाबला तर रबरासारखा दबतो. गुळगुळीत खडकावर ती कशी टिकते ते तेव्हा कळलं. मी मात्र दहा-बारा किलो मटण पाठीवर घेऊन तीच वाट बसून, घसरत उतरलो. पँट गेली.

बाबा, शिंगं आणणार का, असं तुम्ही विचाराल. नाही. भारतात ताहर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. इथे उपद्रवी म्हणून मारायचा आणि तिथे त्याच्या शिंगांपायी तुरुंगात जायचं, एवढा मी हौशी नाही.

आई, मटण घरमालकाच्या फ्रीजरमध्ये आहे. मी खाल्लं का, ते पुढच्या फोनवर विचार, पण आधी फोन ठेवणार नाहीस असं कबूल कर. उजवा गुडघा अजून जिना उतरताना कुरकुरतो. बाकी ठीक.

कळावे,
तुमचा
धाकटा