माजी रेसिंग ड्रायव्हरला शाल-श्रीफळापुरते बोलावू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की कार क्लबांचे मेळावे सुरू होतात आणि त्यात एखाद्या माजी रेसिंग किंवा रॅली ड्रायव्हरला मानधन देऊन बोलावले जाते. कल्पना उत्तमच आहे. पण बहुतेक ठिकाणी दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रायोजकांचे सत्कार असे सगळे उरकून जेवणाची वेळ झाली की पाहुण्यांच्या हाती माइक येतो. ‘तुमचा टॉप स्पीड किती?’ हा प्रश्न, टाळ्या, सेल्फी, संपले. ज्याने उमेदीची सगळी वर्षे ब्रेक, टायर आणि वळण यांच्या अभ्यासात घालवली, त्याला घरी बोलावून आपण त्याच्याकडून काहीच घेत नाही. हे पत्र क्लबांच्या कार्यकारिणीने वाचावे म्हणून लिहीत आहोत.

पहिला प्रश्न कोणाला बोलवायचे हा. फॉर्म्युला वनच्या शर्यतींत उतरलेले भारतीय ड्रायव्हर दोनच, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक. त्यांच्या तारखा मिळणे छोट्या क्लबाला अवघड जाते, पण तेवढ्याने हिरमुसण्याचे कारण नाही. आमच्या मते आपल्या क्लबांना रॅलीचा माणूस जास्त उपयोगी. घाट, खडी, चिखल, समोरून अचानक येणारे वळण हे त्याचे रोजचे काम होते आणि आपल्या सभासदांचे रस्तेही तसलेच आहेत. त्याच्या शेजारी बसून वळणांच्या नोंदी वाचणाऱ्या को-ड्रायव्हरलाही बोलवा. दोघे मिळून फार छान बोलतात. मात्र वेगात गाडी हाकणारा प्रत्येक जण बोलका असतोच असे नाही, म्हणून आधीच्या एखाद्या भाषणाचे रेकॉर्डिंग मागून ऐका. परिचयपत्रात ‘राष्ट्रीय विजेता’ लिहिले असेल तर कोणते वर्ष, कोणता गट, हे विचारा आणि निकालांशी ताडून पाहा. खरा खेळाडू या प्रश्नाने दुखावत नाही.

फोनवर ठरलेले पुरे समजू नका, करारपत्र करा. एका पानाचे असले तरी चालते. त्यात मानधन, प्रवास, मुक्काम, सोबत कोणी येणार का, भाषणाची वेळ, सह्या व फोटोंसाठी किती वेळ आणि कार्यक्रम रद्द झाल्यास आगाऊ रकमेचे काय, हे सगळे असावे. अर्धी रक्कम तारीख पक्की करताना आणि अर्धी कार्यक्रमाच्या दिवशी, ही वाटणी दोघांनाही सोयीची पडते. हिशेबात कर धरा. नोंदणीकृत संस्थेने एका व्यक्तीला वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मानधन दिले तर १० टक्के टीडीएस कापून भरावा लागतो, त्यासाठी संस्थेकडे टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणारा खाते क्रमांक, हवा. पाहुणे जीएसटीत नोंदलेले असतील तर बिलावर १८ टक्के वाढतात. ‘हातात किती’ आणि ‘एकूण किती’ यावरून शेवटच्या दिवशी जी कटुता येते ती इथूनच. परदेशी पाहुण्यांचे नियम वेगळे आहेत, त्यासाठी आधी सीएला गाठा.

आणखी एक अडचण हमखास येते, ती फ्लेक्सची. पाहुण्यांचा एखाद्या टायर किंवा ऑइल कंपनीशी करार असतो आणि मागच्या पडद्यावर नेमके तिच्या स्पर्धकाचे नाव झळकते. त्यांना तिथे उभे राहताच येत नाही. म्हणून प्रायोजकांची यादी छपाईपूर्वी त्यांना पाठवा. शर्यतींच्या टीव्हीवरील चित्रफिती परस्पर उतरवून दाखवू नका, त्यांचे हक्क आयोजकांकडे असतात. पाहुण्यांचे स्वतःचे फोटो मागा, ते अधिक बोलके असतात.

आता मुख्य गोष्ट, बोलायचे काय. भाषणापेक्षा मुलाखत ठेवा. चाळीस मिनिटे गप्पा आणि पंचवीस मिनिटे प्रश्न, त्यापुढे श्रोते थकतात. प्रश्न प्रवेशद्वारावर चिठ्ठ्यांवर लिहून घ्या, म्हणजे तोच तो प्रश्न गाळता येतो आणि माइक बळकावून स्वतःच भाषण ठोकणारे सभासदही आवरतात. मुलाखतकार गाड्यांतला जाणकार हवा. नुसता गोड आवाज पुरत नाही. त्याने आणि पाहुण्यांनी दहा-बारा दिवस आधी फोनवर विषय ठरवावेत.

एक उदाहरण देतो. २००५ साली इंडियानापोलिसच्या अमेरिकन ग्रां प्रीत कार्तिकेयन चौथे आले, हे अनेकांना पाठ असते. पण त्या दिवशी शर्यत फक्त सहा गाड्यांची झाली. तेराव्या, एका बाजूला कललेल्या वळणावर मिशेलिनचे टायर भार झेलू शकत नव्हते, म्हणून त्या टायरांच्या चौदा गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच माघारी फिरल्या. ‘चौथे आल्यावर कसे वाटले?’ असे विचारले तर दोन वाक्यांत उत्तर संपते. ‘टायरवर वळणात नेमका कुठे भार येतो आणि टायर का फुटतो?’ असे विचारले तर अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

तिथून आपल्या टायरवर यावे. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहायला लावा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. हवा गाडी थंड असताना भरायची. तापमान पाच-सहा अंशांनी बदलले की हवेच्या दाबात साधारण एक पीएसआयचा (पंपावर दाब मोजतात ते एकक) फरक पडतो, म्हणून धावून तापलेल्या टायरातली हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडायची नाही. घाट उतरताना ब्रेक ‘लागेनासे’ का होतात हेही रॅलीवाल्यांकडूनच ऐकावे. सतत पाय ठेवल्याने ब्रेकचे पॅड तापतात, आणि ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डीओटी ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्यासाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ते उकळले की वाफ होते, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. उपाय जुनाच: उतारावर खालचा गिअर, आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे.

सभागृहात खुर्ची ठेवून बसण्याची पद्धतही दाखवता येते. पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबून धरायचा, पेडल थरथरले तरी पाय उचलायचा नाही. घाबरून पाय उचलणे ही नेहमीची चूक आहे. शंभरच्या वेगात एका सेकंदात गाडी सुमारे २८ मीटर जाते, आणि तोवर बहुतेकांचा पाय ब्रेकवर पोहोचलेलाही नसतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात की ब्रेकला दीडपटीहून जास्त ऊर्जा मुरवावी लागते.

सभागृहात शर्यतीची गाडी ठेवणार असाल तर दाराची रुंदी आधी मोजा. पेट्रोल जवळपास रिकामे, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढलेले, इंजिनाखाली ट्रे, चाकांना अडण्या आणि हाताशी अग्निशामक, एवढे हवेच.

एक गोष्ट मात्र ठामपणे नाकारा: पाहुण्यांना सभासदाची गाडी देऊन ‘एक राउंड मारा’ म्हणणे. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मैदान बंदिस्त असले तरी नुकसान मालकाच्या माथी येते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाषण ऐकून तापलेली तरुण मंडळी त्याच रात्री घाटात निघतात. म्हणून अशा कार्यक्रमानंतर लगेच क्लबची सामूहिक ड्राइव्ह ठेवू नये आणि पाहुण्यांनी स्वतः तसे स्टेजवरून सांगावे. त्यांचे म्हणणे मुले ऐकतात.

चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती केलेली आणि १९८० च्या दशकात हिमालयन रॅली पळवलेली पिढी आता वयाने मोठी झाली आहे. सिपानी डॉल्फिन ही फायबरची हलकी गाडी का जिंकायची, सुटे भाग मिळत नसताना फियाटचे इंजिन कसे तयार करायचे, हे त्यांच्याच तोंडून नोंदवायला हवे. त्यांची लेखी परवानगी घेऊन संपूर्ण मुलाखत रेकॉर्ड करा, आणि त्यांच्या फोटोंवर वर्ष, जागा, गाडी व माणसांची नावे त्यांच्यासमोरच लिहून घ्या.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. अशा कार्यक्रमाची बातमी देताना सत्काराच्या फोटोसोबत पाहुणे काय बोलले त्याच्या चार ओळी जरूर छापाव्यात.

आपले,
कार क्लबांचे काही कार्यक्रम-संयोजक, पुणे