तिहाईतून उलगडलेले समीकरण

महोदय,

मी न्यूयॉर्कमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेत असून, येथील एका सरकारी प्रयोगकला माध्यमिक शाळेत आठवड्यातून दोन दुपारी स्वयंसेवक म्हणून गणिताच्या वर्गाला मदत करते. या शहरात अशा शाळांची परंपरा जुनी आहे. महापौर ला गार्डिया यांच्या पुढाकाराने संगीत व चित्रकलेची सार्वजनिक शाळा 1936 मध्येच सुरू झाली होती. येथे नृत्य किंवा गायन हा मुख्य विषय असला, तरी गणित सुटत नाही.

तालमीहून दमून आलेली मुले समीकरण पाहताच खांदे पाडतात. एकदा मी फळा सोडून टाळी धरली आणि लहानपणी शिकलेल्या कथकमधली तिहाई समजावली: पाच मात्रांचा बोल तीनदा, मध्ये दोनदा एकेका मात्रेचा विराम, एकूण 17, त्यामुळे 16 मात्रांच्या तीनतालात समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, निघालेली तिहाई शेवटच्या मात्रेला पुढच्या समेवरच येते. एकूण 17 मात्राच ठेवून प्रत्येक विराम चार मात्रांचा केला तर बोल किती मात्रांचा, हे एका अबोल नर्तिकेने सर्वांआधी सांगितले: तीन. दोन अज्ञात राशींचे समीकरण तिने पायांनी सोडवले होते.

महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ती कला गुणपत्रिकेपुरती न राहता वर्गात यावी, यासाठी बी.एड.च्या छात्राध्यापकांना शाळांतील संगीत व नृत्य शिक्षकांसोबत काही आठवडे काम करण्याची संधी द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक भावी शिक्षिका, न्यूयॉर्क