तो भयपट होता, विडंबन नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतल्या स्वतंत्र लघुपटांवरच्या लेखात जुन्या धाटणीच्या विज्ञानपटांना सरसकट विडंबनात टाकलं आहे. तसाच एक लघुपट मी केला आहे, म्हणून लिहिते.

मी दातांच्या कवळ्या बनवते. प्लास्टर, मेण, ॲक्रिलिक यांत हात बसलेला. त्यामुळे परग्रहवासीयांच्या हल्ल्याचे १९५० च्या दशकातले चित्रपट पाहताना माझं लक्ष आधी त्यांतल्या छोट्या नमुन्यांकडे जायचं: हे घडवलं कसं असेल? शेवटी तीन मित्रमैत्रिणींना गाठलं आणि दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये खपून ११ मिनिटांचा कृष्णधवल लघुपट पुरा केला. रात्रपाळीला एकटी असलेली टेलिफोन ऑपरेटर, आणि तिच्यासमोर स्विचबोर्डवरचे एकेक करून विझत जाणारे दिवे. परग्रहवासीयांची उडती तबकडी दिसते ती शेवटच्या तीन मिनिटांत.

ही तबकडी म्हणजे ॲल्युमिनियमची दोन झाकणं आणि मधे ॲक्रिलिकची कड. ती तंगुसाने टांगली. पण प्रेक्षकाची नजर दोरा शोधायला वरच जाते. त्यावर जुन्या तंत्रज्ञांची युक्ती वापरली: नमुना उलटा टांगायचा आणि चित्र नंतर फिरवायचं. दोरा तबकडीच्या खाली जातो, तिथे कुणी पाहत नाही. मात्र मग प्रकाशही खालून द्यावा लागतो, नाहीतर चांदणं जमिनीतून आल्यासारखं दिसतं. हे उमगायला आमची एक अख्खी रात्र गेली.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका भिंतीने. टेलिफोन एक्स्चेंजची इमारत आम्ही १:१६ प्रमाणात प्लास्टरची केली होती. सेकंदाला २४ चित्रांच्या नेहमीच्या वेगाने ती कोसळताना टिपली, तर नुसतं खोकं पडल्यासारखं दिसलं. छोटी भिंत कमी उंचीवरून पडते, चटकन जमिनीला लागते, आणि डोळा त्या वेळावरून तिचा आकार ताडतो. यावर हिशेब आहे: प्रमाणाचं वर्गमूळ घ्यायचं. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून ९६ चित्रांच्या वेगाने टिपायचं आणि २४ ने दाखवायचं. तसं केलं आणि तीच भिंत जड झाली, धूळसुद्धा सावकाश बसू लागली. मी ती दृश्यं किती वेळा पाहिली असतील! चौपट वेगाला प्रकाशही चौपट लागतो. त्या हॅलोजनच्या धगीने परग्रहवासीयाचा मेणाचा हात वितळला, तो मी ॲक्रिलिकमध्ये नव्याने ओतला.

आवाजासाठी करवतीच्या पात्यावर व्हायोलिनचा गज ओढला.

तरुण मित्रांना एक सांगावंसं वाटतं. चित्रावर संगणकाने ओरखडे आणि डाग टाकले म्हणजे ते जुन्या धाटणीचं होत नाही. त्या काळच्या पहिल्या प्रेक्षकांनी कोऱ्या, स्वच्छ प्रिंट पाहिल्या होत्या. आणि ते हसायला गेले नव्हते. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने आकाशात नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं, आणि त्या बातम्यांमधून उडत्या बशीचा शब्द वर्तमानपत्रांनीच रूढ केला. १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली. वरून काहीतरी येऊन एका क्षणात शहर संपू शकतं, हे १९४५ मध्ये जगाने पाहिलेलं होतं. पडद्यावरची तबकडी ती भीती घेऊन उतरायची. मला त्या भीतीचा लघुपट करायचा होता.

एका महोत्सवात तो निवडला गेला, पण विनोदी गटात. निवेदकाने त्याची ओळख गमतीदार विडंबन म्हणून करून दिली. साहजिकच प्रेक्षक पहिल्याच दृश्याला हसले. सातव्या मिनिटाला शेवटचा दिवा विझतो आणि ऑपरेटर हेडफोन काढून नुसती ऐकत बसते, तिथे मात्र सभागृह गप्प झालं. ती शांतता पहिल्यापासून मिळाली असती, तर त्या मुलीच्या अभिनयाला न्याय मिळाला असता. तिने ते दृश्य एका दमात, एकाच शॉटमध्ये दिलं होतं.

प्रवेशिकेत चित्रपटाच्या प्रकाराचा रकाना असतो. त्यात मी ‘भयपट’ लिहिलं होतं. आयोजकांनी आणि समीक्षकांनी तो रकाना वाचावा, एवढीच विनंती.

आपली,
एक लघुपट दिग्दर्शिका